गोठ्याला रविवार नसतो

शनिवारी दुपारी मुंबईहून सुटलेली कर्जत लोकल वांगणी मागे टाकते, तेव्हा उजव्या हाताला माथेरानचा डोंगर सोबतीला येतो आणि डब्यातील गर्दी ओसरू लागते. उरलेल्या प्रवाशांत काही मंडळी सहज ओळखू येतात. त्यांच्याजवळ सहलीच्या बॅगा नसतात. तूरचुनीचे तोंड शिवलेले लहान पोते, गुळाची ढेप, दुकानातील जुन्या ताडपत्रीची घडी आणि कुत्र्यांसाठी मुद्दाम भाजून घेतलेल्या जाड पोळ्यांचा डबा, असे त्यांचे सामान असते. कर्जत स्थानकावर उतरताच तिथल्या प्रसिद्ध बटाटेवड्याचा दरवळ येतो. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरातील वडीलधारी माणसे तो ओलांडून सरळ पुढे जातात. लहानांची पावले मात्र क्षणभर रेंगाळतात. बाहेर रिक्षा ठरलेली असते. ही मंडळी वाडीवर निघालेली असतात.

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील समुद्र न पाहिलेले तालुके. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला माथेरान, प्रबळगड आणि इर्शाळगडाची रांग. मधल्या खोऱ्यातून उल्हास नदी उत्तरेकडे जाते, तर खोपोलीजवळची पाताळगंगा पश्चिमेची वाट धरते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली आणि कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे ठाणे झाले. पुढे टाटांनी घाटमाथ्यावर पाणी अडवून ते खाली सोडले. १९१५ मध्ये खोपोलीला आणि १९२२ मध्ये भिवपुरीला त्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली. वीज मुंबईला गेली. वापरून झालेले पाणी पाताळगंगा आणि पेज या नद्यांना मिळाले. म्हणून पेजेच्या आणि राजनाला कालव्याच्या काठची शेते एप्रिलमध्येही हिरवीगार दिसतात. बाकीच्या भागाची गोष्ट निराळी आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या या मुलखात मे महिन्यात पाड्यापाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. पाऊस पडतो तो कातळावरून वाहून जातो. वाडी घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी जमीन पाहिलेली असते ती ऑगस्टमध्ये, सगळा डोंगर धबधब्यांनी पांढरा झालेला असताना!

२००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि या दोन तालुक्यांतील जमिनीला शहरी गिऱ्हाईक आले. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, ही १९४८ च्या कुळकायद्यातील अट. तेव्हा मुंबईत दोन-तीन पिढ्या दुकान चालवणाऱ्या घरांनी गावाकडचा वडिलोपार्जित सातबारा शोधून काढला, फेरफार पाहिले, वकिलाकडून शोध घेतला आणि मगच व्यवहार केला. ज्यांनी ही पायरी गाळली त्यांच्यापैकी काहीजण अजून तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीत फेऱ्या घालत आहेत. व्यापाऱ्याने तारणाची कागदपत्रे पाहावीत तितक्या काळजीने जमिनीची पाहिली पाहिजेत. निसर्गाच्या ओढीत नेमके तेच राहून जाते.

पुढे जिचे वर्णन येते ती वाडी कर्जत–चौक रस्त्याच्या बाजूला, दोन तालुक्यांच्या हद्दीजवळ आहे असे समजावे. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण त्या पट्ट्यातील अनेक वाड्यांची दिनचर्या हिच्याशी मिळतीजुळती आहे. अडीच एकर जमीन, त्यात आंब्याची आणि चिकूची झाडे, खाली भाताची दोन खाचरे, एक विहीर, मंगलोरी कौलांचे घर आणि घराहूनही ऐसपैस गोठा. गोठ्यात तीन गाई, एक कालवड आणि एक तीन वर्षांचा खोंड. शिवाय दोन कुत्री, जी कोणी आणलेली नाहीत; ती आपली आली आणि राहिली. मालकांचे मुंबईत धान्याचे दुकान आहे. वय चौसष्ट. सगळे त्यांना शेठ म्हणतात.

वाडी खऱ्या अर्थाने ज्याच्या हातात आहे तो ठाकूर समाजातील गृहस्थ आपल्या पत्नीसह कोपऱ्यातील दोन खोल्यांत राहतो. शेठच्या व्यवहारात तो वॉचमन आहे, गावाच्या दृष्टीने गडी, आणि शेठच्या नातवंडांचा मामा. तिन्ही नावांत त्याचे खरे काम येत नाही. पहाटे पाचच्या आधी त्याचा दिवस सुरू होतो. प्रथम कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात गोठ्याची जमीन पाहायची. रात्रीतून नाग, मण्यार किंवा घोणस उबेला येऊन बसलेली असू शकते. गाई अस्वस्थ असल्या, कान टवकारून एका दिशेला पाहत असल्या, की त्याचे पाऊल तिथेच थांबते. काठीने जमिनीवर ठोके देत जनावराला वाट मोकळी करून द्यायची आणि निवांत उभे राहायचे, ही रीत त्याला शेठच्या घरच्यांनी शिकवलेली नाही. ती त्याची स्वतःची आहे.

मग शेण काढणे. एका देशी गाईचे दिवसाला सुमारे दहा किलो शेण पडते. पाच जनावरांचे जवळजवळ पन्नास किलो झाले, म्हणजे दोन घनमीटरच्या दीनबंधू गोबरगॅसला पुरेल इतके. शेणात तेवढेच पाणी घालून, काडीकचरा वेचून, तो काला संयंत्रात सोडायचा. या गॅसवर मामीची चूल चालते आणि शनिवार-रविवार पाहुण्यांचा चहाही. बाहेर पडलेली मळी आंब्याच्या आळ्यात जाते. शेठच्या सुनेला सुरुवातीला शेणात हात घालणे जमत नव्हते. आता ती रविवारी पहाटे मामीबरोबर टोपली उचलते. मामीच्या मते तिला अजून शेण उचलता येत नाही. ती ते नुसते ढकलते.

धार काढण्याआधी वासराला सोडायचे. वासराने ढुसण्या दिल्या की गाय पान्हा सोडते. दोन सड घराचे आणि दोन वासराचे, असा जुना हिशेब आहे आणि या वाडीवर तो पाळला जातो. दूध फार निघत नाही. दुभत्या दोन गाईंचे मिळून दोन्ही वेळचे दहा-अकरा लिटर, तेही दिवस चांगले असताना. प्रत्येक गाईला पाच-सहा किलो पेंढा किंवा वाळले गवत, पंधरा-वीस किलो हिरवा चारा, अंगासाठी किलोभर आंबोण आणि दर अडीच लिटर दुधामागे आणखी एक किलो. चुनी, सरकी पेंड, भाताचा कोंडा, चिमूटभर मीठ. चुनी दुकानातूनच येते. डाळीच्या धंद्यात जिला कोणी विचारत नाही अशी ही चुनी गोठ्यात किती मोलाची असते, हे शेठना वयाच्या साठीनंतर कळले. त्यांनी वाडीसाठी वेगळी खतावणी घातली आहे. त्या वहीत दुधाचा लिटरमागे खर्च निघतो तो मुंबईतील उत्तम डेअरीच्या दुधापेक्षा बराच जास्त. हे पान ते घरात कोणाला दाखवत नाहीत. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असते खरे. पण उत्पन्नच नसल्यावर त्या सवलतीचा आनंद कसला?

पाण्याचे काम मात्र घरच्या स्त्रियांनी आपल्याकडे घेतले आहे. मुंबईच्या सदनिकेत पाणी गाळले तरी गाळणीवरची जीवाणी टाकायची कुठे, हा प्रश्न असतो. नळाचे पाणी ज्या जलाशयातून आले तिथे ती परत जाणार कशी? वाडीवर विहीर आहे. गाळून झाल्यावर कापड उलटे करून, त्यावर गाळलेलेच पाणी ओतून, जीवाणी हळूच विहिरीत सोडता येते. शेठच्या पत्नीने सासूबाईंना लहानशा कडीच्या बादलीतून हे करताना पाहिले होते. इतक्या वर्षांनी ते पुन्हा हातून घडले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या शनिवारी मुंबईहून तशी पितळी बादली घेऊन आल्या. गाईंच्या हौदाचे पाणीही रोज बदलले जाते. एक गाय दिवसाला चाळीस ते साठ लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात आणखी. मे महिन्यात विहीर तळाला गेली की टँकर मागवावा लागतो. टँकर येतो त्या दिवशी पाड्यावरच्या चार बाया हंडे घेऊन फाटकाशी उभ्या असतात. आधी हौद भरायचा की हंडे, यावर पहिल्या वर्षी घरात दबक्या आवाजात वाद झाला. दुसऱ्या वर्षापासून दोन टँकर येतात.

सूर्यास्ताच्या आत जेवण हा नियम शहरात दुकान बंद होण्याच्या वेळेशी झगडत पाळावा लागतो. वाडीवर तो आपोआप पाळला जातो. संध्याकाळी सहाला गाई दावणीला येतात, धार होते, कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर गोठ्यात फिरतो, आणि डास-चिलटे उठण्याआधी माणसांचीही पाने वाढलेली असतात. आठ वाजता तर कुत्रीसुद्धा ओसरीवर झोपलेली असतात. चातुर्मास संपल्यावर जुन्या महामार्गाने साधु-साध्वींचा विहार सुरू होतो. रस्त्याजवळच्या अशा वाड्यांच्या ओसऱ्यांवर त्या दिवसांत एखाद्या दुपारी अनपेक्षित पावले उमटतात, तेव्हा घरच्यांना घर बांधल्याचे सार्थक वाटते.

इथवरचे चित्र रमणीय आहे. गोठ्यातल्या पेचांपैकी पहिला गोचिडांचा. पावसाळ्याच्या आगेमागे गाईंच्या कानांत, कासेजवळ आणि शेपटीखाली गोचीड धरतात. ते रक्त पितात, रोग पसरवतात, वासरू तर त्यांनी पांढरे पडते. डॉक्टर औषध लिहून देतात. मामाचा उपाय सोपा आहे: गोठ्यात चार गावठी कोंबड्या सोडा, त्या टिपून खातात. शेठच्या घरी दोन्ही उपाय रुचत नाहीत. त्यांनी तिसरा मार्ग काढला. भिंतीच्या भेगा चुन्याने बुजवल्या, लाकडी गव्हाण काढून सिमेंटची केली, आणि जनावरांना रोज खरारा होतो. त्याने गोचीड फार कमी झाले, पण संपले नाहीत. गेल्या श्रावणात कालवड अंगाने उतरली, डोळ्यांची आतली कड फिकी पडली, तेव्हा शेठनी स्वतः फोन करून डॉक्टरांना बोलावले आणि इंजेक्शन देऊ दिले. त्या रात्री त्यांनी प्रतिक्रमण नेहमीपेक्षा सावकाश केले, असे घरचे सांगतात.

कोंबड्यांचा विषय तिथे संपला नाही. मामाच्या खोलीमागे त्याच्या स्वतःच्या सहा कोंबड्या आणि चार शेळ्या आहेत. शेळी ही कष्टकरी घराची मुदत ठेव असते. आजारपण, मुलाची फी, लग्नाचा आहेर यांपैकी काही आले की ती मोडता येते, आणि तिला व्याजही लागते. बोकड कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या पावसात ओढ्याला मासे चढतात, तेव्हा पाड्यावरची माणसे जाळी घेऊन रात्री बाहेर पडतात, मामाही त्यांत असतो. शेठच्या मुलाचे म्हणणे होते की आपल्या जमिनीवर हे चालू देऊ नये. शेठच्या पत्नीने विचारले, “मग त्याची ठेव आपण ठेवायची का?” या प्रश्नाला उत्तर देणे भाग पडले. आता मामाच्या नावे टपाल कार्यालयात दरमहा काही रक्कम आवर्ती ठेवीत जाते, आणि त्याने शेळ्या वाडीच्या हद्दीबाहेर, आपल्या भावाकडे ठेवल्या आहेत. त्याने त्या विकल्या नाहीत. त्याला तसे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे शेठनी मुलाला समजावले. मुलाला ते पुरते पटलेले दिसत नाही.

पावसाळ्यात वाडीचा खरा कस लागतो. घटसर्प आणि फऱ्याच्या लसी मृगाच्या आधी टोचून घ्यायच्या, पेंढ्याची उडवी ताडपत्रीने झाकायची, गोठ्याच्या पन्हाळी साफ करायच्या. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, लसीकरणाची धावपळ उडाली, आणि मामा महिनाभर दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात गेला नाही की कुणाला आपल्यात येऊ दिले नाही. त्या काळात शेठचे रोज तीन फोन येत. मामाचे उत्तर ठरलेले: “शेठ, गाठ नाय कुठं. तुम्ही जेवा.”

वाडीच्या अंगणातून पश्चिमेला इर्शाळगडाचा सुळका दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतली घरे मातीखाली गेली. वस्ती ठाकुरांची. मदतीला जाणाऱ्यांना भर पावसात निसरड्या पायवाटेने चढून जावे लागले, कारण वर रस्ताच नव्हता. तेव्हापासून पाऊस रात्रभर लागला की मामा झोपत नाही. गाईंची दावी तो गाठ न मारता नुसती अडकवून ठेवतो, एका झटक्यात सुटतील अशी. शेठना हे कळले ते दोन वर्षांनी, एका मुक्कामात, मध्यरात्री गोठ्यातला दिवा पाहून.

भाताच्या खाचरांनी घरात वेगळाच विचार सुरू केला. कोकणात रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. मग नांगरणी, चिखलणी, लावणी. पंधरा कर्मादानांत दवदान आणि स्फोटक कर्म यांचा उल्लेख आहे हे श्रावकाला माहीत असते. पण चटणी-भाकरीपुरते भात पिकवणाऱ्याला ते सांगणार कोण? इथे नेरळजवळच्या सगुणा बागेचे उदाहरण उपयोगी पडले. चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८५ पासून तिथे कृषी पर्यटन सुरू केले आणि पुढे ‘सगुणा भात तंत्र’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत रुजवली. त्यात गादीवाफे एकदाच करायचे, नंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. गांडुळे आपले काम करतात. शेठनी एका खाचरात ते करून पाहिले. माती खरोखर भुसभुशीत झाली. मात्र तणासाठी या पद्धतीत तणनाशक सुचवले जाते, ते घरच्यांना नको होते. परिणाम असा की सबंध आषाढ मामी आणि पाड्यावरच्या तीन बाया वाकून तण उपटत होत्या आणि त्यांची मजुरी तांदळाच्या किमतीहून अधिक झाली. कर्जतच्या भात संशोधन केंद्राची बियाणी, सगुणाचे वाफे आणि श्रावकाचा संकोच, असा तो तांदूळ. घरी आलेल्या प्रत्येकाला तो मूठभर दिला जातो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाणी अडवणे. शहरात ही यादी प्रवचनात ऐकली जाते आणि बहुतेकांना वाटते की यांतले आपण काहीच करत नाही. गोठा असलेल्या माणसाला ती पाचही कलमे दारात उभी दिसतात. दावे किती लांब असावे, मामाच्या हातातली काठी किती जाड असावी, वेसण घालावी की नाही. पाचवा अतिचार तर गैरहजर मालकाकडून नकळत घडतो. गेल्या दिवाळीत मामाच्या घरी लग्न होते. त्याने चार दिवस आधी सांगितले होते. शेठनी दुकानातील एका पोऱ्याला पाठवले. पोऱ्याने दोन दिवस गाईंना पेंढा घातला, पण हौदाच्या तळाची तोटी गळत आहे हे त्याच्या लक्षात आले नाही. मामा परतला तेव्हा हौद कोरडा होता. गाई काही मेल्या नाहीत. पण भाऊबिजेच्या दिवशी हे कळल्यावर शेठनी समोरचे ताट तसेच ठेवले, आणि तेव्हापासून दिवाळीत दुकान एक दिवस आधी बंद होते.

पण सगळ्यात अवघड प्रश्न त्या तीन वर्षांच्या खोंडाचा आहे. थोरली गाय पहिल्यांदा व्याली तेव्हा हा झाला. नातवंडांनी त्याचे नाव राजा ठेवले आणि त्याच्या गळ्यात घुंगरू बांधले. आता राजा कुंपणाचे खांब वाकवतो, मामाला एकदा त्याने गव्हाणीवर दाबला, आणि घुंगरू बदलायला कोणी जवळ जात नाही. मामा म्हणतो, याला खच्ची करून नांगराला धरूया, गुण येईल. खच्ची करणे आणि नाक टोचणे हे निर्लांछन कर्म. घरात त्याला कोणी होकार देईना. शेजारचे शेतकरी घेतील का म्हणून विचारले, तर त्यांच्याकडे पॉवर टिलर आहे आणि बैल कमी करण्याच्याच विचारात ते आहेत. २०१५ च्या सुधारित कायद्याने महाराष्ट्रात गोवंशातील नरांच्याही कत्तलीवर बंदी आली. ही गोष्ट जीवदयाप्रेमींच्या समाधानाची. पण कायद्याने नराला जीवदान दिले, चारा दिला नाही. बाजारात विचारणा झाली, तर विचारणारा कोण आहे आणि जनावर पुढे कुठे जाईल, याचा भरवसा कोणी द्यावा?

राहता राहिली पांजरापोळ. मुंबईची पांजरापोळ १८३४ ची. दोन वर्षांपूर्वी सरकारने भटक्या कुत्र्यांना मारण्याची मोहीम काढली होती आणि शहरात दंगल झाली होती. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. व्यापारी समाजाने आपल्या मिळकतीतून मुक्या जनावरांसाठी कायमची व्यवस्था केली, ही अभिमानाचीच गोष्ट. पण आज कोणत्याही पांजरापोळीच्या फाटकाशी उभे राहावे. आत भाकड गाई, गोऱ्हे, म्हातारे बैल दाटीने असतात, आणि जागेचा प्रश्न दर वर्षी वाढतो. ज्याने स्वतःच्या हौसेसाठी गाय पाळली, तिच्या दुधाचा चहा प्यायला, त्याने तिचा गोऱ्हा दुसऱ्यांच्या देणग्यांवर सोडावा काय? शेठच्या पत्नीचे मत ठाम आहे, सोडू नये. मुलगा विचारतो, “बाबा, हा वीस वर्षं जगेल. तुमच्यानंतर कोण बघणार?” शेठ ताळेबंद वाचणारा माणूस. वीस वर्षांचे दायित्व, उत्पन्न शून्य, जामीनदार ठरलेला नाही. अशा कर्जाला त्यांनी स्वतः कधी होकार दिला नसता.

आणि आता थोरली गाय पुन्हा दिवसांत होती. गाभण काळ सुमारे दोनशे ऐंशी दिवसांचा. मामाच्या भिंतीवर कोळशाने काढलेल्या खुणा संपत आल्या होत्या. या खेपेला कालवडच व्हावी म्हणून लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरावी, शंभरात नव्वद वेळा मादी होते, असे डॉक्टरांनी सुचवले होते. शेठनी रात्रभर विचार करून ती घेतली नाही. नर जन्मालाच येऊ नये अशी योजना करणे त्यांना जड गेले. ती योजना करणेच शहाणपणाचे होते, असे मुलाला आजही वाटते. दोघांपैकी कोणाचे बरोबर, हे वाचकांनी आपापल्या घरी बोलून पाहावे.

रविवारी संध्याकाळी सगळे निघाले तेव्हा गाय उठबस करत होती. शेठ फाटकाशी दोनदा थांबले. मामा म्हणाला, “जा शेठ, गाडी चुकंल. मी हाय.” दुकानाचे शटर सकाळी नऊला उघडावेच लागते, सोमवारी मालाच्या गाड्या येतात. कर्जतची लोकल सुटली, उल्हासचा पूल गेला, नेरळ गेले. फोन आला नाही.

तो आला सोमवारी पहाटे पावणेसहाला. शेठ मंदिरात जाण्याच्या तयारीत होते.

“शेठ, मोकळी झाली. चारला.”

“बरी आहे ना? वासरू उभं राहिलं?”

“हाय, उभं हाय. चीक पाजलाय, तासाभरातच.” थोडा वेळ पलीकडून गोठ्यातले आवाज ऐकू येत राहिले. “गोऱ्हा हाय शेठ.”

शेठच्या पत्नी दाराशी येऊन उभ्या होत्या. व्यालेल्या गाईचे पहिल्या काही दिवसांचे दूध घरात वर्ज्य, तेव्हा खरवसाचा प्रश्नच नव्हता. चारही सड वासराचे. शेठनी विचारले, “वार पडली का?”

“अजून नाय.”

“दुपारपर्यंत पडली नाही तर १९६२ ला फोन कर. नाहीतर मला कर, मी डॉक्टरांना सांगतो. आणि ओढू नका कोणी हाताने. राजा कुठंय?”

“त्याला पलीकडं बांधलाय. वास घेतोय नुसता, वराडतोय.”

फोन ठेवून शेठ मंदिरात गेले. दुकानात आल्यावर त्यांनी गल्ल्याखालची वाडीची खतावणी काढली, नव्या पानावर तारीख घातली आणि त्याखाली “गोऱ्हा, १” असे लिहिले. मुलगा समोर बसला होता. त्याने ते पान पाहिले, काही न बोलता मागल्या गोदामात गेला, आणि हमालाला सांगून चुनीची दोन पोती बुधवारच्या टेम्पोसाठी बाजूला काढून ठेवली.